माळा खाली उतरवण्याची रीतसर पद्धत

घराची खरी योग्यता त्यात राहणाऱ्या माणसांवरून ठरत नाही. त्यात न राहणाऱ्या माणसांसाठी किती जागा राखून ठेवली आहे, यावरून ती ठरते. राहणारी माणसं काय, कुठेही राहतात. न राहणाऱ्यांचं तसं नसतं. त्यांना स्वतंत्र खोली लागते, खिडकीला नवा पडदा लागतो आणि दर शनिवारी तिथली चादर बदलावी लागते. (न वापरलेली चादर मळत नाही असा एक समज आहे. तो ज्यांच्या घरी तशी चादर नाही त्यांचा आहे.)

बसवनगुडीतल्या आमच्या गल्लीची या दृष्टीनं आम्ही मागे एकदा पाहणी केली होती. ती गच्चीवर उभं राहून, वाळत घातलेल्या कपड्यांवरून केली असल्यामुळे अचूक आहे. तीत असं आढळलं की, दर दहा घरांपैकी सातांत माणसं दोन आणि खोल्या पाच आहेत. दोन घरांत माणूस एक आणि खोल्या चार. उरलेलं दहावं घर म्हणजे दाताचा दवाखाना आहे आणि तिथे मात्र कायम गर्दी असते.

या पार्श्वभूमीवर आमच्या समोरच्या घरातले वादिराजअण्णा यांनी हाती घेतलेल्या माळा-विस्ताराच्या कार्याची नोंद व्हावी, म्हणून हे लिहीत आहोत.

वादिराजअण्णा टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. त्यांच्या पत्नी गोदूबाई कुठूनच निवृत्त झालेल्या नाहीत. अण्णांचे पूर्वज साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणाच्या तरी फौजेबरोबर या कन्नड मुलखात आले. फौज पुढे गेली आणि हे कॉफी घ्यायला म्हणून थांबले ते राहिलेच. (त्या काळी इथे कॉफी नव्हती, हे इतिहासकारांचं म्हणणं त्या घरात मान्य नाही.) आताचं घर अण्णांचे आजोबा गुंडोराव यांनी बांधलं. मंगळुरी कौलं, तांबड्या गिलाव्याची गार फरशी, खाली दिवाणखाना, स्वयंपाकघर, देवघर आणि एकच झोपायची खोली. त्यावर अकरा फुटांवर माळा, आणि माळ्यावर कौलं.

या घराला लागूनच एक छोटा मठ आहे. घराचं आढं चढवलं त्या दिवशी मठातले स्वामीजी पाहायला आले होते. गुंडोरावांना एकदम भरून आलं आणि त्यांनी हात जोडून शब्द दिला, की या घराचं आढं मठाच्या कळसाच्या वर कधी जाणार नाही. स्वामीजींनी तशी मागणी केल्याचा पुरावा नाही. घरातल्या जुन्या माणसांच्या आठवणीप्रमाणे ते एवढंच म्हणाले होते, की ऊन फार आहे. पण दिलेला शब्द तो दिलेला शब्द. पुढे गल्लीत चार-चार मजल्यांच्या इमारती उठल्या आणि खुद्द मठानं मागच्या बाजूला तीन मजली कार्यालय बांधलं. आता तो कळस रस्त्यावरून दिसतच नाही. तो फक्त वादिराजअण्णांच्या परसातून दिसतो, आणि अण्णा रोज सकाळी तिथे जाऊन आपलं आढं अजून खालीच आहे ना, हे पाहून येतात.

माळ्याचं पहिलं रूपांतर फार पूर्वी झालं. अण्णांचा एकुलता एक मुलगा श्रीहरी तेव्हा अकरावीत होता. माळ्यावरचे तांब्याचे हंडे आणि चिंचेच्या बरण्या हलवून तिथे फळ्यांची जमीन केली, कौलांत एक काचेचं कौल बसवलं, पंखा टांगला आणि श्रीहरीला पुस्तकांसह वर चढवलं. माळा दुपारी इतका तापे की तिथे झोप लागणं शक्य नव्हतं. नाइलाजानं श्रीहरीनं अभ्यास केला आणि त्याला इंजिनियरिंगला प्रवेश मिळाला. माळ्याचा निकाल शंभर टक्के लागला. (विद्यार्थी एक.)

मग रिवाजाप्रमाणे श्रीहरी हॉस्टेलवर गेला, इलेक्ट्रॉनिक सिटीत नोकरीला लागला आणि पुण्याच्या मनस्विनीशी लग्न करून सर्जापूर रोडवर चौदाव्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहू लागला. त्यांना भव्या नावाची मुलगी झाली. सर्जापूर रोड आणि बसवनगुडी ही दोन्ही ठिकाणं एकाच शहरात आहेत असं नकाशात दाखवतात. प्रत्यक्षात मधे वाहनांनी कायम तुंबलेला सिल्क बोर्डचा चौक आहे. त्यामुळे नात आजोबांना मुख्यतः फोनच्या पडद्यावर भेटे, तीही बरेचदा फक्त कपाळापुरती.

वादिराजअण्णांची इच्छा एकच होती. मुलानं, सुनेनं, नातीनं या घरात राहावं. दुसरं त्यांना आयुष्यात काही नको होतं, आणि हे आम्ही थट्टेनं लिहीत नाही.

दर रविवारी श्रीहरीचा फोन येई. दर रविवारी अण्णा म्हणत, "तुम्ही इकडंच या की रे राहायला." दर रविवारी तो म्हणे, "बघू की अण्णा." एका उन्हाळ्यातल्या रविवारी मात्र सर्जापूर रोडवर पाण्याचा टँकर आला नव्हता. श्रीहरीनं आंघोळ केलेली नव्हती. तो म्हणाला,

"आलोच असतो अण्णा. माळा स्वल्प मोठा असता तर."

इथे आमच्या जुन्या घरांतल्या एका पद्धतीचा खुलासा करणं अगत्याचं आहे. आमच्याकडे नकार तोंडावर देत नाहीत. नकार द्यायचाच झाला तर होकार देऊन त्याला एक अट जोडतात. ("सारात मीठ स्वल्प कमी असतं तर आणखी एक वाटी घेतली असती." "मुलगी स्वल्प उंच असती तर आजच साखरपुडा केला असता.") ही पद्धत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे आणि ती सर्वांना उत्तम कळते. स्वतःच्या मुलाच्या तोंडून आली की मात्र आईबापांना कळेनाशी होते.

वादिराजअण्णांनी फोन ठेवला आणि ते म्हणाले, "माळा मोठा करायचा."

लगेच एक समिती नेमण्यात आली. अध्यक्ष वादिराजअण्णा. सदस्य गोदूबाई (मताचा अधिकार नाही, कॉफीची जबाबदारी आहे). तांत्रिक सल्लागार आम्ही. आम्ही पाणीपुरवठ्यात नोकरी केली असल्यामुळे आम्हाला बांधकामातलं कळतं, असं गल्ली धरून चालते आणि आम्हीही तो समज मोडत नाही. कंत्राटदार म्हणून मल्लाप्पा मेस्त्रींना बोलावण्यात आलं. मल्लाप्पा मूळचे चिकोडीकडचे, मराठी आणि कन्नड दोन्ही सारख्याच जोरात बोलणारे. त्यांच्या शब्दकोशात 'नाही' हा शब्द नाही. कुठल्याही कामाला ते "करूया की" म्हणतात, आणि मग कसं करायचं ते काम पडल्यावर बघतात.

समितीनं सर्व दिशांचा विचार केला. वर जाता येत नव्हतं, वर कळस होता. उजवीकडे मठाची भिंत. डावीकडे दाताचा दवाखाना. पुढे रस्ता, मागे विहीर, आणि विहिरीवर माळा बांधणं गोदूबाईंना पटलं नाही.

"वर जायाचं न्हाई म्हंतासा, बाजूला सरकायचं न्हाई," मल्लाप्पा डोकं खाजवत म्हणाले. "मग खाली घेऊया की ओ, अण्णा."

"खाली म्हणजे?"

"माळ्याचं छत वर जात न्हाई, तर माळ्याची जिमीन खाली घ्यायची. उंची वाढल्याशी मतलब."

वादिराजअण्णांनी आमच्याकडे पाहिलं. आमचा जन्म पाणीपुरवठ्यात गेला, आणि पाणी खालीच जातं. त्यामुळे ही योजना आम्हाला शास्त्रीय वाटली, म्हणून आम्ही मान डोलावली.

या योजनेचं सौंदर्य वाचकांनी ध्यानात घ्यावं. देवाची जागा घेतली नाही, शेजाऱ्याची घेतली नाही, रस्त्याची तर या शहरात सगळेच घेतात तीही घेतली नाही. जी घेतली ती स्वतःच्या डोक्यावरची. खालचा दिवाणखाना अकरा फूट उंच होता. माणूस साडेपाच फूट. उरलेली साडेपाच फूट हवा पिढ्यानपिढ्या नुसती पडून होती. तिचा कुणी हिशेबच केला नव्हता.

पहिल्या खेपेला माळा दीड फूट खाली आला. नव्या लोखंडी तुळया टाकल्या, फळ्या बदलल्या आणि त्याचा फोटो सर्जापूर रोडला पाठवला. खाली कुणाला काही फरक जाणवला नाही. उलट पूर्वी पंख्याचं वारं वरच्या वर जाई ते आता अंगाला लागू लागलं, असं अण्णांनी आवर्जून सांगितलं.

मनस्विनीचा फोन आला. ती सुस्वभावी मुलगी आहे आणि तिनं काहीही मागितलं नाही. "अण्णा, एकदम क्यूट झालंय हो! मी फक्त सजेस्ट करतेय हं, प्लीज प्रेशर घेऊ नका. माझा स्टँडिंग डेस्क आहे ना, उभं राहून काम करायचा, तर कडेला थोडी हाइट मिळाली असती ना, तर वर्क फ्रॉम होमला परफेक्ट झालं असतं."

कडेला म्हणजे जिथे कौलं उतरत येतात तिथे. तिथे उंची हवी तर जमीन आणखी दीड फूट खाली. सून आपल्या घरात उभं राहून काम करणार, या कल्पनेनंच वादिराजअण्णांना इतका आनंद झाला, की आपण स्वतः कुठे उभं राहणार हा मुद्दा सभेपुढे आलाच नाही. दिवाणखान्याची खिडकी या वेळी दोघांत वाटली गेली. वरचा अर्धा भाग माळ्याला गेला, खालचा अर्धा आपल्याकडे राहिला. कपाटाचा माथा कापावा लागला.

मग श्रीहरीनं सहज विचारलं, की वरच्या पंख्याला हात लागणार नाही ना. (एक फूट.) मग लहान मुलीला रात्री जिना उतरून यायला नको, म्हणून वरच बाथरूम असावं असं ठरलं. हे कुणी सुचवलं ते समितीच्या कुणालाच आठवत नाही, म्हणजे ते वादिराजअण्णांनीच सुचवलेलं असणार. बाथरूमच्या नळ्यांना उतार लागतो. म्हणून तेवढा भाग बाकीच्या माळ्यापेक्षाही खाली घ्यावा लागतो. तो देवघरावर येऊन चालत नव्हता, स्वयंपाकघरावर तर नाहीच नाही. दिवाणखान्यावर आला असता तर पाहुणे काय म्हणतील? तेव्हा तो वादिराजअण्णा आणि गोदूबाई यांच्या पलंगावर आला. पलंग काढून गादी जमिनीवर घातली. जमिनीवर झोपणं पाठीला चांगलं असतं हे सर्वश्रुत आहे.

घर पाहावं बांधून म्हणतात. माळा पाहावा वाढवून, असं मात्र कुणी म्हणून ठेवलेलं नाही. अशा रीतीनं, मधल्या किरकोळ सूचनांचे एक फूट दहा इंच धरून, काम पुरं झालं तेव्हा दिवाणखान्याची उंची पाच फूट दोन इंच उरली होती.

लोकांना वाटतं, यात त्या दांपत्याची गैरसोय झाली असेल. ही टीका वरवरची आहे. प्रत्यक्षात झालेले फायदे असे. एक तर गोदूबाई मुळातच पाच फुटांच्या आतल्या, त्यामुळे त्यांचा प्रश्नच नव्हता. त्यांचा आक्षेप होता तो तत्त्वाचा, उंचीचा नव्हता. दुसरं म्हणजे पाहुण्यांची आपोआप चाळणी झाली. वादिराजअण्णांचे उंच नातेवाईक सगळे कटकटे होते. ते यायचे बंद झाले. ठेंगणे, मनमिळाऊ तेवढे उरले. तिसरं, घरात येणारा प्रत्येक जण वाकूनच येऊ लागला. आता वाकलोच आहोत तर नमस्कार करून टाकू, असं त्याला वाटे. वादिराजअण्णांना इतके नमस्कार सबंध नोकरीत मिळाले नव्हते. गॅसवाला, कुरिअरवाला, मीटर पाहायला येणारा, सगळे नमस्कार करून जात आणि अण्णा सर्वांना "सुखी राहा" म्हणत.

शिवाय माणसाला लागलेली सवय घरापुरती राहत नाही. वादिराजअण्णा गांधी बझारात भाजी घ्यायला गेले तरी मान खाली घालून, खांदे पाडून चालू लागले. पूर्वी हे गृहस्थ रस्त्यानं ताठ चालत आणि टेलिफोन खात्याचा थोडा तोरा होता त्यांना. आता मठातल्या आचार्यांनी प्रवचनात त्यांचं उदाहरण दिलं, की विनय कसा असावा तर आपल्या वादिराजरायांसारखा. त्या दिवशी अण्णा इतके खूश झाले, की घरी आल्यावर चौकटीवर डोकं आपटलं तरी हसतच होते.

वरती मात्र राजवाडा झाला होता. खरंच सांगतो, आम्ही आमच्या घरात इतकी ऐसपैस खोली पाहिलेली नाही. नवा पडदा, भव्यासाठी भिंतीवर ढग आणि ससे, काचेच्या कौलातून येणारं ऊन. वर गेलं की वादिराजअण्णा हळूहळू सरळ होत, कमरेवर हात ठेवून मधोमध उभे राहत आणि म्हणत, "केवढी उंची आहे बघा." दर शनिवारी ते वर जाऊन चादर बदलत आणि बाथरूममध्ये पाणी सोडून येत. न वापरलेल्या संडासातलं पाणी सुकतं आणि वास येतो, ही माहिती आम्हीच त्यांना दिली होती. खाली गादीवर बसलेल्या गोदूबाईंच्या डोक्यावरून तो धबधब्याचा आवाज जाई.

अशाच एका शनिवारी त्या बोलल्या. आम्ही कॉफीला गेलो होतो. दिवाणखान्यात तिघंही खालीच बसलो होतो, कारण खुर्चीत बसून उठणं धोक्याचं होतं.

"अहो, एकदा विचारा की त्याला. येणार कधी?"

"असं कसं विचारायचं?" अण्णा म्हणाले.

"तोंडानं विचारायचं. स्वल्प अ‍ॅडजस्ट करा, स्वल्प अ‍ॅडजस्ट करा, म्हणून हे एवढं झालं. मी करते की. पण स्वल्प म्हणजे किती ते कुणी तरी सांगायला पाहिजे का नको?"

"कधी येणार असं विचारलं, म्हणजे येत नाहीस असं म्हटल्यासारखं होतं ग," अण्णा म्हणाले. "त्याला वाईट वाटेल."

"आणि मला?"

याच्यावर समितीत चर्चा झाली नाही. आम्ही कॉफी संपवली आणि वाकून निघालो. खरं सांगायचं तर त्या दिवशी घरी आल्यावरही आम्ही बराच वेळ सरळ उभे राहिलो नाही.

आणि मग तो फोन आला. विचारल्याशिवाय आला, हे विशेष. श्रीहरी म्हणाला, "अण्णा, आम्ही फ्लॅट सोडतोय. घरमालक त्याच्या मुलाला देणार म्हणे. रविवारी टेम्पो पाठवतो, चालेल का?"

चालेल का! वादिराजअण्णा उभे राहिले. दाणकन आवाज झाला, तो आम्हाला रस्त्यापलीकडे ऐकू आला. आम्ही धावत गेलो तर अण्णा कपाळाला हळद लावून घेत होते आणि गोदूबाईंचे डोळे भरले होते. त्यांनी आम्हाला पाहून पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाल्या, "येताहेत हो. मी उगीच बोलले त्या दिवशी."

रविवारी सकाळपासून त्या घरात होळिगे, म्हणजे पुरणपोळ्या, लाटल्या जात होत्या. चित्रान्न, कोशिंबीर, भव्यासाठी कमी तिखटाचं वेगळं सार. माळ्याच्या दाराला आंब्याचं तोरण. मल्लाप्पा मेस्त्रींना मुद्दाम जेवायला बोलावलं होतं. ते नवा सदरा घालून आले आणि आल्याबरोबर सवयीनं जिना हलवून पाहू लागले.

टेम्पो आला. त्यातून आधी एक सोफा उतरला. मग चालायचं यंत्र, ज्यावर घरच्या घरी चालतात. मग भव्याचा पाळणा, भव्याची पहिली सायकल, भव्याची दुसरी सायकल. लग्नात आलेले काचेचे सेट, अजून चिकटपट्टी न सुटलेले. मग खोकी. मग आणखी खोकी. मल्लाप्पांनी सदरा काढून ठेवला आणि हमालांबरोबर ती वर चढवली. वादिराजअण्णा जिन्याखाली वाकून उभे होते आणि प्रत्येक खोक्याला "सावकाश, सावकाश" म्हणत होते. शेवटचं खोकं वर गेलं तेव्हा ढगही दिसत नव्हते, ससेही दिसत नव्हते. माळा कौलांपर्यंत भरला होता.

"माणसं झोपतील कुठं?" मल्लाप्पांनी विचारलं.

"लावतील की हळूहळू," अण्णा म्हणाले.

दुपारी श्रीहरी, मनस्विनी आणि भव्या गाडीनं आले. श्रीहरी सहा फूट उंच. तो दारातच दुमडला आणि दुमडलेल्या अवस्थेतच वर जाऊन आला. "अण्णा, फर्स्ट क्लास! केवढी जागा केलीत तुम्ही!" तो मनापासून म्हणाला. तो वाईट मुलगा नाही. या गोष्टीत कुणीच वाईट नाही, हीच तिची मोठी अडचण आहे.

जेवताना सगळं कळलं. त्यांनी नवा फ्लॅट घेतला होता. सर्जापूर रोडलाच, थोडा पुढे, भव्याच्या शाळेपासून जवळ. फ्लॅट छान होता, स्वल्प लहान होता, आणि त्याला सामानाची खोली नव्हती.

"म्हणूनच म्हटलं, इकडे एवढा मोठा माळा आहे तर," मनस्विनी म्हणाली. "नाहीतर सगळं डिस्पोज करावं लागलं असतं हो अण्णा. यू आर अ लाइफसेव्हर."

वादिराजअण्णांनी होळिगेवर तूप घातलं. मग आणखी घातलं. "भव्याची शाळा जवळ पाहिजेच," ते म्हणाले. "लहान मूल आहे."

भव्याचं या सगळ्याकडे लक्ष नव्हतं. त्या घरात सरळ उभं राहून धावू शकणारी ती एकटीच होती, आणि ती इकडून तिकडे नुसती धावत होती. तिनं एकदा हात वर करून छताला हात लागतो का ते पाहिलं. उडी मारून पाहिलं. लागला. तिनं किंकाळी फोडली. "आज्जी, हे घर माझ्या साइझचं आहे! मी इथेच राहणार!"

"राहा की ग," गोदूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी तिला इतकं घट्ट धरलं की ती सुटायची धडपड करू लागली.

"नेक्स्ट वीकेंड, बेबी," मनस्विनी म्हणाली. सिल्क बोर्डला गर्दी व्हायच्या आत निघायला हवं होतं, म्हणून चारच्या सुमाराला ते निघाले.

संध्याकाळी समितीची शेवटची बैठक झाली. तांत्रिक सल्लागार या नात्यानं आम्ही एक सूचना मांडली. ती आमच्या मते बिनतोड होती. आम्ही म्हणालो, वर आता खोकी आहेत. खोक्यांना उंची लागत नाही, पंखा लागत नाही, संडास तर नाहीच नाही. खोकी एकावर एक नीट रचली तर माळ्याची जमीन पुन्हा चार फूट वर घेता येईल, आणि खाली माणसांना उभं राहता येईल. मल्लाप्पाही म्हणाले, "करूया की."

वादिराजअण्णांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी वर, म्हणजे समोरच, छताकडे पाहिलं.

"आणि ते आले, तर उभे कुठं राहतील?" ते म्हणाले.

गोदूबाईंनी कॉफीचे पेले गोळा केले आणि त्या आत गेल्या. सूचना फेटाळण्यात आली. माळा अद्याप आहे तिथेच आहे, आणि त्यावरच्या चादरीचा प्रश्न मिटल्यामुळे अण्णा आता दर शनिवारी वर जाऊन खोक्यांवरची धूळ झटकतात.

असो. वाचकहो, आपण इथवर हसत आलात, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. आता थोडी माहिती आपल्याकडून हवी आहे. आपले शाळेतले बक्षिसाचे पेले, कॉलेजची जाडी पुस्तकं, लग्नात दोनदा आलेला कुकर, मुलाची लहान झालेली सायकल, हे सगळं सध्या कुठे आहे? आपल्या फ्लॅटमध्ये ते नाही. तिथे जागा नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. टाकून तर आपण दिलेलं नाही. तेव्हा ज्या घरी ते ठेवलं आहे तिथे आज एक फोन लावून पाहा. "तुझं सामान नीट आहे हं, काळजी करू नको," असं पलीकडून आपण होऊन सांगितलं जाईल. तुम्ही सामानाचं विचारलेलंही नसेल. तुम्ही "बरं" म्हणाल, पुढच्या रविवारचं बघू म्हणाल आणि फोन ठेवाल. बोलणारं माणूस त्या वेळी सरळ उभं होतं की वाकलेलं होतं, हे काही फोनवर कळत नाही.